गोठ्यातला कंटेनर आणि केमोच्या आधीचा प्रश्न

मी वारणानगरचा. लहानपणी आमच्याकडं म्हैस माजावर आली की जनावरांचे डॉक्टर गाडीला कंटेनर बांधून यायचे. झाकण उघडलं की पांढरा धूर! आत उणे 196 अंशाचा द्रव नायट्रोजन आणि त्यात वीर्याच्या बारीक स्ट्रॉ. आज गोष्ट याच तंत्राची, पण माणसांसाठी. तीही ऐन तारुण्यात कॅन्सर झालेल्यांसाठी.

सुरुवात 1949, इंग्लंड. ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकारी कोंबड्याचं वीर्य गोठवायच्या खटपटीत होते. पेशी काही टिकेनात. मग म्हणे बाटल्यांच्या चिठ्ठ्यांचा घोळ झाला, साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरॉल पडलं आणि पेशी जगल्या! 1953 मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या मानवी वीर्यापासून गर्भधारणा झाल्याचं जाहीर झालं. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. म्हणजे गोठवायचं कसं आणि पुढं वापरायचं कसं, दोन्ही आपल्याकडं आलं.

आता कॅन्सरशी याचा संबंध काय? केमो झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडते. त्यात शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. मुलींच्या बीजांडांचा साठाही घटू शकतो. किती, ते औषध आणि डोसवर ठरतं. मुलांचं वीर्य एक-दोन दिवसांत साठवता येतं. मुलींची बीजांडं काढायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ नसेल तर बीजाशयाचा तुकडाच गोठवतात. ब्रुसेल्समध्ये 1997 ला असा तुकडा ठेवलेल्या एका तरुणीला 2004 मध्ये बाळ झालं.

आणि आपलं पुणं! केमोआधी वीर्य साठवून ठेवलेला एक तरुण 2016 मध्ये गेला. 2018 मध्ये त्याच्या आईनं सरोगसीनं जुळी नातवंडं घरी आणली. पण प्रश्नही उभे राहिले. दुसऱ्या एका अविवाहित तरुणानं ‘माझ्या मृत्यूनंतर नमुना नष्ट करा’ असा फॉर्म भरला होता. त्याची आई कोर्टात गेली. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवायला सांगितलं. त्यामुळं फॉर्म घाईत भरू नका, घरच्यांशी बोला.

बीटेकला असताना माझ्या एका मित्राला ब्लड कॅन्सर झाला. आम्ही रक्त दिलं, पैसे जमवले, नोट्स पाठवल्या. तो बरा झाला. लग्नाचं बघायला लागल्यावर तपासणीत कळलं, मूल होणं अवघड आहे. केमोआधी त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आम्हालाही सुचलं नाही. घरात हा विषय काढायची लाजच वाटते ना!

आमच्या गोठ्यात जे सहज बोललं जायचं, ते माणसाबद्दल बोलायला कसली लाज? ओळखीत कुणाला कॅन्सर निघाला, तर पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचारा: “पुढं मूल हवं असेल तर आत्ता काय करून ठेवता येईल?”

भेटू पुढच्या भागात!