ॲस्पिरिन, पक्षाघात आणि स्त्रिया
मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीमुळे खंडित होऊन येणारा पक्षाघात ॲस्पिरिनने टळू शकतो, हे १९७८ मध्ये कॅनडातील एका चाचणीने दाखवले. परंतु तिच्या ५८५ रुग्णांत स्त्रिया अवघ्या १७९ होत्या आणि त्यांच्यात लाभ आढळला नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८० मध्ये या उपचारास केवळ पुरुषांपुरती मान्यता दिली. अपुऱ्या संख्येतून निघालेला हा निष्कर्ष स्त्रियांवर अन्याय करणारा होता आणि तो दूर व्हायला १९९८ साल उजाडले. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९,८७६ निरोगी स्त्रियांच्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेल्या १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने पक्षाघाताचा धोका १७ टक्क्यांनी घटला, हृदयविकाराच्या झटक्याचा मात्र एकूण घटला नाही. पासष्टीपुढील स्त्रियांत तोही घटला.