हात न लावण्याचे पत्ते

लहानपणी उंद्रीला आमच्या वाड्यात पत्त्यांचा एकच जोड होता. त्यातली चौकटची राणी केव्हाच परागंदा झालेली. तिच्या गादीवर सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा राज्य करी. बदामच्या गुलामाचा कान फाटलेला, त्यामुळे तो कुणाच्या हातात आहे हे साऱ्या वाड्याला ठाऊक. तरी मेंढीकोट रंगायचा. बाजारात त्या जोडाला कुणी चार आणे दिले नसते आणि वाड्याने तो चारशेला विकला नसता.

हे आठवायचं कारण, परवा मी सावंतवाडीहून दशावतारी गंजिफांचा संच आणला. वाटोळे, हाताने रंगवलेले पत्ते. किंमत काही हजार. (सौ.ला सांगितलेली किंमत निराळी.)

हा खेळ जुना. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग, पत्ते ९६. आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले आणि पत्ते केले १२०. दर अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. खेळणारे तिघे, वाट्याला चाळीस-चाळीस. पाच अवतारांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा! दिवसा ज्याच्याकडे राम त्याने डाव सुरू करायचा, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याने. पत्ते कुटता कुटता नामस्मरण! यापेक्षा सोज्वळ सबब आजवर कुठल्याही पत्तेबाजाला सापडली नसेल.

पुढे छापील बावन पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि गंजिफा मागे पडला. १९७०च्या सुमारास सावंतवाडीत ही विद्या वृद्ध पुंडलिक चितारी यांच्यापाशी उरली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसवले. कला वाचली. आज लोक संच हौसेने घेतात, भेट देतात, भिंतीवर लावतात. खेळत मात्र सहसा कुणी नाही.

मी खेळायचं ठरवलं. तिसरा गडी म्हणून शेजारच्या भाऊसाहेबांना बोलावलं. नियम कागदावर उतरवून समोर ठेवले. एवढ्यात पुण्याचा भाचा ओरडला, "मामा, हात नका लावू! घामाचा डाग पडला की किंमत गेली. काचेत ठेवा, दहा वर्षांनी दुप्पट येईल."

भाऊसाहेब हात धोतराला पुसून निमूट घरी गेले. एखाद्या देवळातून पुजाऱ्याने बाहेर काढावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

रात्री भाचा झोपल्यावर मी त्यांना पुन्हा हाक मारली. कृष्ण निघाला सौ.कडे. तीन डावांत कागदाकडे सतरा वेळा पाहिलं, दोनदा भांडलो आणि वराहाच्या प्रधानावर चहाचा थेंब पडला. मी घाबरून किमतीचा हिशेब करू लागलो.

"अहो," सौ. म्हणाली, "तो प्रधान आता लांबूनही ओळखू येतो. वाटा पुढचा डाव."