तपासलेला बार उरत नाही

आपल्या डोंगरकड्याहून हिंगोली काही लांब नाही. तिथं 1903 पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, आणि छावणी म्हटली की चांदमारी आलीच. सुरुवातीच्या काळात ठासणीची बंदूक. दारू ओतायची, गोळी गजानं ठासायची. म्हणजे प्रत्येक बार हातानंच भरलेला!

तो नीट भरलाय हे ठरवायचं कसं? उडवून. पण उडवला की संपला. आम्ही वर्गात अनुमान शिकवायचो, त्याचं याहून चांगलं उदाहरण नाही: भरवसा ठेवायचा तो न उडवलेल्या भावंडांवर.

निशाणाचं भोक पाहून वेग कळत नाही. 1742 मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजानं टांगलेल्या लोलकावर गोळी मारून, लोलक किती झुलला त्यावरून वेग काढला. हवेचा अडथळा समजुतीपेक्षा फार मोठा निघाला.

1884 मध्ये फ्रान्सात बिनधुराची दारू आली आणि हातभरणी जिवावरची झाली. काळ्या दारूच्या मापानं ती भरली तर बंदूकच फुटायची. म्हणून आजही हातानं काडतूस भरणारा जाणकार दारू तराजूवर तोलतो, थोडीथोडी वाढवत जातो, आणि दहा बारांचे वेग एकमेकांपासून किती फाकतात ते आधी बघतो. नेम नंतर.