नोंदवहीतले हक्क

कुलू जिल्ह्यात तीर्थन नदीचे खोरे चढून आम्ही छोईच्या धबधब्यापाशी आलो, तेव्हा देवदारांची ती निःशब्द राई मानवाच्या इतिहासापासून अलिप्त असावी असेच वाटले. पण तो समज खोटा होता. येथील प्रत्येक कुरणाला जुना हक्कदार आहे.

१८८६ साली अँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने कुलूच्या जंगलांची पाहणी करून चराई, लाकूडफाटा, वनौषधी यांवरील गावकऱ्यांचे हक्क लिहून काढले. पुढे १९८४ मध्ये ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची प्राथमिक घोषणा झाली, आणि १९९९ मध्ये ७५४ चौरस किलोमीटरांवर ती अंतिम ठरली. जुजुराणा पक्षी व कस्तुरीमृग यांना अभय हवे, हे खरेच. तथापि मेंढपाळांची कुरणे बंद झाली, गुच्छी वेचणाऱ्या स्त्रियांची वाट अडली. भरपाई मिळाली ती अँडरसनच्या नोंदीत ज्यांच्या पूर्वजांची नावे होती, त्यांच्या वारसांना. बाकीच्यांची वहिवाट कागदावर नव्हती.

शाक्ती व मरौड या गावांसाठी मात्र १९९४ मध्ये उद्यानातून सैंज अभयारण्य वेगळे काढले गेले, आणि ती जागच्या जागी राहिली.

२०१४ मध्ये हे उद्यान जागतिक वारसा ठरले. आम्ही लेखणीवर पोट भरणारी माणसे. एका कारकुनी नोंदीने शंभर वर्षांनंतर कोणाचे घर सावरते आणि कोणाचे नाव पुसले जाते, हे त्या धबधब्याकाठी आम्हांस प्रथमच उमगले.