वाऱ्याच्या गावाची ट्राम

1962 साल आहे. तोक्योच्या आओयामा भागात तुम्ही ट्राममधून उतरता. मागे घंटी वाजते, डबा डुलत शिबुयाच्या दिशेने निघून जातो. पाच मिनिटं तरी चाला इथे. या गल्ल्यांमध्ये ताकाशी मात्सुमोतो नावाचा एक शाळकरी मुलगा राहतो. त्याची रोजची वाट, घर, अंगण, कोपऱ्यावरचं वळण, सगळं नीट पाहून ठेवा. दोन वर्षांनी, 1964 मध्ये, इथे ऑलिंपिक भरणार आहे. त्यासाठी रस्ता रुंद होईल आणि त्या रुंदीकरणात मात्सुमोतोचं घर जाईल. मागोमाग ट्रामही एकेक करून बंद होतील.

आता 1971 मध्ये या. मोउरी स्टुडिओचं दार हलकेच लोटा, आत ध्वनिमुद्रण चालू आहे. आठ ट्रॅकचं टेप यंत्र फिरतंय आणि त्याच्यापाशी किंजी योशिनो हा ध्वनिमुद्रक बसलाय. ‘हॅपी एंड’ या चौघांच्या बँडची ही दुसरी तबकडी. नावातले शब्द इंग्रजी आहेत, पण ते लिहिलेत हिरागानात, म्हणजे जपानी मुलं सगळ्यात आधी गिरवतात त्या अक्षरांत. बाहेर संगीताच्या मासिकांमधून कडाक्याचा वाद पेटलाय. रॉक गायचं तर इंग्रजीतच, जपानी शब्द त्या ठेक्यावर बसत नाहीत, असं रॉक गायक युया उचिदासारखी वजनदार माणसं ठासून सांगताहेत.

या वादाला खरं उत्तर मिळतंय ते या खोलीत. मात्सुमोतो आता 22 वर्षांचा आहे. बहुतेक गाण्यांचे शब्द त्याचे आणि ड्रमवरही तोच. अक्षर कुठे पडायला हवं हे त्याच्या हाताला कळतं. या तबकडीचं सगळं बळ मला इथेच दिसतं. शब्द लिहिणारा आणि ठेका धरणारा माणूस एकच असल्यामुळे भाषेला कुठेही ओढाताण सोसावी लागत नाही.

थोडं पुढे सरका. ‘काझे वो आत्सुमेते’, म्हणजे वारा गोळा करत, हे गाणं इथे स्टुडिओतच पुरं होतंय. बँडमधले एईची ओताकी आणि शिगेरु सुझुकी या गाण्यात नाहीत. गिटार, बास, ऑर्गन सगळं एकटा हारुओमी होसोनो वाजवतो, आणि सोबतीला मात्सुमोतोचा ड्रम. आवाज चढवण्याचा हट्ट होसोनोने सोडून दिलाय. अमेरिकन गायक जेम्स टेलर ऐकता ऐकता त्याला स्वतःची खालची पट्टी सापडली आहे. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा तो गातो. श्वास रोखून ऐका, कारण याच आवाजासाठी लोक पुढची पन्नास वर्षं परत परत येणार आहेत.

20 नोव्हेंबर 1971. तबकडी तुमच्या हातात आहे, नाव ‘काझेमाची रोमान’. काझेमाची म्हणजे वाऱ्याचं गाव. नकाशावर ते कुठेच नाही. आओयामा, शिबुया आणि आझाबु या तीन ठिकाणांच्या मधोमध मात्सुमोतोने ते मनानेच वसवलंय. वेष्टनावर चौघांचे चेहरे आहेत. वेष्टन उघडा. आतल्या दोन्ही पानांवर काझुहिको मियाया या मांगा चित्रकाराने ट्राम काढली आहे. मघाशी तुम्ही उतरलात तशीच, समोरून येणारी. बोट फिरवा तिच्यावरून. रस्त्यातले रूळ उखडले गेले, पण इथे ती धावतेय. तबकडीच्या अगदी शेवटी तर अ-इ-उ-ए-ओ गायलं जातं, आपण बाराखडी घोकतो तसं. इतक्या मोठ्या वादानंतर थेट मुळाक्षरांपाशी येऊन थांबणं मला फार लोभस वाटतं.

31 डिसेंबर 1972 रोजी बँड मोडतो. तबकडी मात्र पुन्हा पुन्हा निघत राहते. सीडी येते आणि वेष्टन तळहाताएवढं होतं. मग कागदी पाकिटातली सीडी येते, मूळ वेष्टनाची हुबेहूब छोटी नक्कल. ती मांडीवर घेऊन बसलात तर ट्राम बोटभर झालेली दिसते. 2003 मध्ये तुम्ही सोफिया कोपोलाचा ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ हा चित्रपट पाहताय. तोक्योतल्या त्या कथेत होसोनोचा तोच आवाज लागतो आणि जपानी न कळणारे लोकही गाण्याचं नाव शोधू लागतात. 2004 मध्ये बँडच्या ध्वनिमुद्रणांचा संच निघतो. 2007 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ची जपानी आवृत्ती सर्वोत्तम शंभर जपानी रॉक तबकड्यांची यादी करते आणि हिला पहिला क्रमांक देते. 30 डिसेंबर 2013 रोजी ओताकी जातो. पुढच्याच वर्षी पुन्हा एक संच येतो. आता ओताकीचं गाणं लावताना तुमचा हात क्षणभर थांबतो.

पुन्हा काढलेल्या तबकड्यांना कुणी नुसता धंदा म्हणालं, तर मला ते पटत नाही. मूळ टेप नव्याने साफ करून ऐकली की होसोनोच्या ओठांची हालचाल जाणवते, ड्रमच्या कातड्याचा पोत लागतो. पाडलेलं घर परत उभं राहत नाही. टेपवरची खोली मात्र दर वेळी थोडी अधिक उजळते.

शेवटचा थांबा, नोव्हेंबर 2021, निप्पॉन बुदोकान. मात्सुमोतोच्या गीतलेखनाला पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा आहे. होसोनो, सुझुकी आणि मात्सुमोतो ‘हॅपी एंड’ म्हणून एकत्र मंचावर येतात. हे सभागृह बांधलं होतं 1964 च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी, म्हणजे ज्या खेळांच्या रस्त्यात मात्सुमोतोचं घर गेलं त्याच खेळांसाठी. तुम्ही वरच्या रांगेत बसला आहात. खाली, त्या छताखाली, आओयामातला तो मुलगा 72 व्या वर्षी ड्रममागे बसतो आणि काठ्या उचलतो.