टपालाच्या वाटेनें पदवी

पदवी मिळवावयाची तर विद्यालयांत जाऊन गुरूसमोर बसलें पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे. तिला पहिला मोठा धक्का लंडन विद्यापीठानें दिला.

हें विद्यापीठ इ. स. १८३६ सालीं सनद मिळून स्थापन झालें. तें स्वतः शिकवीत नसे. मान्य महाविद्यालयांत अभ्यास केल्याचा दाखला जो आणील, त्याची परीक्षा घेऊन तें पदवी देई. १८५८ सालच्या नव्या सनदेनें वैद्यकाखेरीज इतर पदव्यांसाठीं ही दाखल्याची अट काढून टाकली. महाविद्यालयांच्या पक्षानें विरोध केला. परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे. गुरूचा सहवास व सहाध्यायांशीं चर्चा यांवांचून विद्या पुरी होत नाहीं, असें त्या पक्षाचें म्हणणें होतें. हा आक्षेप पोकळ नव्हता. परंतु दिवसभर शाळेंत शिकवून किंवा कचेरींत लेखणी झिजवून रात्रीं दिव्यापाशीं वाचणाऱ्या मनुष्यापुढें महाविद्यालय कीं घर, असा प्रश्नच नव्हता. घरीं शिकावें कीं शिकूंच नये, एवढाच प्रश्न होता.

उघडलेलें दार पुढें अधिक रुंद झालें. १८६५ सालीं मॉरिशस बेटांत ह्या परीक्षा झाल्या. १८६९ सालीं नऊ स्त्रिया खास त्यांच्यासाठीं ठेविलेल्या परीक्षेस बसल्या, व १८७८ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें पदव्या त्यांना खुल्या झाल्या. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडनच्याच धर्तीवर निघालें. पण लंडननें दुसऱ्याच वर्षीं टाकलेली महाविद्यालयाची अट मुंबईंत मात्र कायम राहिली.

तथापि परीक्षा खुली झाली, तरी शिकविणार कोण? ही उणीव टपालानें भरून काढिली. १८८७ सालीं विल्यम ब्रिग्ज यांनीं पत्रद्वारा शिकविणारें विद्यालय काढिलें. छापील पाठ घरीं यावयाचे, विद्यार्थ्यानें उत्तरें लिहून धाडावयाचीं, शिक्षकानें तीं तपासून, चुका दाखवून परत करावयाचीं, असा तो क्रम होता. कादंबरीकार एच्. जी. वेल्स यांनीं तेथें शिक्षकाचें काम केलें. त्यांची स्वतःची बी. एस्सी. ही पदवीहि लंडनच्या बाह्य परीक्षेचीच, १८९० सालची.

दक्षिण आफ्रिकेच्या विद्यापीठानें १९४६ सालीं टपालानें शिकविण्यास आरंभ केला. त्याच विद्यापीठाची कायद्याची पदवी नेल्सन मंडेला यांनीं १९८९ सालीं बंदिवासांत मिळविली. भारतांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, आणि १९८९ सालींच नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें.

१८५८ सालच्या विरोधकांचा आक्षेप मात्र अजून पुरता निकालांत निघालेला नाहीं. दार उघडणें हें निम्मेंच काम होय. दूरच्या विद्यार्थ्यानें लिहिलेल्या उत्तरावर कोणी तरी लक्षपूर्वक शेरा लिहून तें परत धाडतो, तेव्हांच त्या पदवीमागें गुरु उभा असतो.