एन्रॉनविरोधी आंदोलन

एन्रॉनविरोधी आंदोलन हे महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात उभारल्या जाणाऱ्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्ध १९९० च्या दशकात झालेले नागरिकांचे आंदोलन होय. अमेरिकेतील एन्रॉन या बहुराष्ट्रीय कंपनीच्या पुढाकाराने हा प्रकल्प आला, म्हणून त्याला विरोध करणारे आंदोलनही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. प्रकल्पग्रस्त गावांतील शेतकरी व मच्छीमार, वीज मंडळातील कामगार संघटना, वीज क्षेत्राचे अभ्यासक, समाजवादी व डाव्या पक्षांचे कार्यकर्ते आणि जनआंदोलनांचे कार्यकर्ते त्यात सहभागी होते. जमीन, पाणी व मासेमारी यांच्या रक्षणापासून सुरू झालेल्या या आंदोलनाने पुढे एक व्यापक प्रश्न उपस्थित केला. जनतेने ज्याचे पैसे भरायचे तो करार शासन आणि खासगी कंपनी यांनी जनतेला अंधारात ठेवून करावा काय, हा तो प्रश्न होता.

पार्श्वभूमी

१९९१ साली परकीय चलनाच्या टंचाईमुळे भारत सरकारने नवे आर्थिक धोरण स्वीकारले. त्याच वर्षी १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यात दुरुस्ती करून वीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी व विदेशी कंपन्यांना खुले करण्यात आले. पुढे केंद्र सरकारने निवडक आठ खासगी प्रकल्पांना जलद मंजुरी देण्याचे ठरविले. दाभोळ प्रकल्प हा त्यांपैकी सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक होता.

एन्रॉनचे प्रतिनिधी जून १९९२ मध्ये महाराष्ट्रात आले आणि २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी त्यांचा सामंजस्य करार झाला. आगमन आणि करार यांत काही दिवसांचेच अंतर होते. स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. प्रकल्पासाठी दाभोळ पॉवर कंपनी स्थापन झाली. तिच्यात एन्रॉनचा वाटा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या कंपन्यांचा प्रत्येकी १० टक्के होता. प्रकल्पाचे नाव दाभोळ असले तरी त्याची जागा दाभोळ गावात नव्हती. दाभोळ हे वाशिष्ठी खाडीच्या उत्तर तीरावर दापोली तालुक्यात आहे, तर प्रकल्प खाडीच्या दक्षिणेला गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर व रानवी या गावांच्या परिसरात उभा राहिला.

जागतिक बँकेकडे अर्थसाहाय्यासाठी विचारणा झाली असता, प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही असे मत देऊन बँकेने १९९३ साली नकार दिला. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी विद्युत मंडळ व कंपनी यांच्यात वीजखरेदी करार झाला. त्यानंतर १९९४ साली राज्य सरकारने मंडळाच्या देयकांची हमी घेतली आणि केंद्र सरकारने त्या हमीला प्रतिहमी दिली.

वीजखरेदी कराराचे स्वरूप

आंदोलनाचे आक्षेप समजण्यासाठी कराराची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. करारानुसार विजेच्या किमतीचे दोन भाग होते. पहिला भाग स्थिर आकाराचा. संच वीज देण्यास सज्ज असला की मंडळाने हा आकार द्यायचा, मग वीज घेतली जावो वा न जावो. दुसरा भाग प्रत्यक्ष वापरलेल्या इंधनाच्या खर्चाचा. भाड्याने ठरविलेली मोटार दारात उभी राहिली तरी तिचे भाडे चुकत नाही, तसाच हा प्रकार होता. त्यामुळे मंडळाने जितकी कमी वीज घ्यावी, तितका स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन प्रत्येक युनिटचा दर वाढत असे.

किमतीचा मोठा भाग डॉलरशी निगडित होता. १९९३ साली एका डॉलरसाठी सुमारे ३१ रुपये पडत, तर २००१ साली सुमारे ४७ रुपये पडू लागले. रुपयाच्या या घसरणीचा भार मंडळावर, म्हणजे अखेर ग्राहकावर पडणार होता. पहिल्या टप्प्यासाठी द्रवरूप पेट्रोलियम इंधन आणि दुसऱ्या टप्प्यासाठी आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू वापरण्याची योजना होती. इंधनाच्या जागतिक दरांतील चढउताराचा धोकाही मंडळाकडेच होता. मुंबई शहराचा बराचसा भाग वगळता राज्यभर मंडळाचीच वीज जात असे. म्हणून गुहागरच्या किनाऱ्यावरील कराराचा संबंध वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या दूरच्या गावातील कृषिपंपधारकाशीही येत होता.

विरोधाची कारणे

स्थानिक पातळीवर विरोधाचे मुख्य कारण उपजीविका हे होते. परिसरातील लोक भात, आंबा व मासेमारी यांवर जगत. भूसंपादनामुळे जमिनी जातील, प्रकल्पातून सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यामुळे खाडीतील व किनाऱ्यावरील मासळीला धोका पोहोचेल आणि गोड्या पाण्याची टंचाई वाढेल, अशी भीती ग्रामस्थांना होती.

अभ्यासक व कामगार संघटनांचे आक्षेप कराराविषयी होते. पुण्याच्या प्रयास या संस्थेने कराराचे आर्थिक विश्लेषण करून त्याचा भार मंडळाला पेलणार नाही असे दाखविले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने प्रकल्पखर्चाची पुरेशी छाननी केली नाही, प्रकल्पाची किंमत अवाजवी आहे आणि वीजखरेदी करार जनतेपासून दडवून ठेवला आहे, हेही टीकाकारांचे प्रमुख मुद्दे होते. दुसरीकडे, राज्यात विजेचा तुटवडा आहे, मंडळाकडे नवे प्रकल्प उभारण्यास भांडवल नाही आणि या प्रकल्पामुळे परकीय गुंतवणुकीचा मार्ग मोकळा होईल, अशी समर्थकांची भूमिका होती.

शासनावरील प्रभावाचा प्रश्न

कंपनी शासनाच्या निर्णयांवर प्रभाव टाकते, हा आंदोलकांचा सर्वांत गंभीर आरोप होता. १९९५ साली एन्रॉनच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना, भारतातील प्रकल्पविकास व संबंधितांचे शिक्षण यांवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केल्याचे सांगितले. हा खर्च नेमका कोणाच्या शिक्षणावर झाला, असा प्रश्न भारतात विचारला गेला. लाचलुचपतीचा आरोप कंपनीने नाकारला आणि तो न्यायालयात सिद्ध झाला नाही.

अमेरिकी शासनानेही कंपनीची बाजू उचलून धरली. प्रकल्प रद्द केल्यास भारतातील इतर खासगी वीज प्रकल्पांवर प्रतिकूल परिणाम होईल, असा इशारा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने जून १९९५ मध्ये दिला. जून २००१ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधी यांच्या भेटीत दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला होता.

प्रकल्प रद्द होणे व फेरवाटाघाटी

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने हा प्रकल्प प्रचाराचा विषय केला. युती सत्तेवर येऊन मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निविदांचा अभाव, वाटाघाटींतील गुप्तता, एकतर्फी अटी आणि वाढीव खर्च यांवर बोट ठेवले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी सरकारने पहिला टप्पा थांबवून दुसरा टप्पा रद्द केल्याची घोषणा केली. कंपनीने लंडन येथे लवादाकडे दाद मागितली.

मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस फेरवाटाघाटी होऊन जानेवारी १९९६ मध्ये सुधारित प्रकल्पास संमती देण्यात आली. सुधारित करारात दोन्ही टप्पे मिळून क्षमता २,०१५ मेगावॉटवरून २,१८४ मेगावॉट झाली. मे १९९६ मध्ये केंद्रातील तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने आपल्या अखेरच्या काळात प्रतिहमीला मान्यता दिली. एका वर्षापूर्वी प्रकल्प बुडविण्याची भाषा करणाऱ्या पक्षांनीच तो मोठ्या आकारात स्वीकारल्यामुळे आंदोलकांमध्ये विश्वासघाताची भावना निर्माण झाली.

आंदोलन व पोलीस कारवाई

डिसेंबर १९९६ मध्ये बांधकाम पुन्हा सुरू झाल्यावर आंदोलनाला तीव्र स्वरूप आले. १९९७ साली मोर्चे, धरणे व सत्याग्रह यांची मालिका सुरू झाली. मृणाल गोरे, मेधा पाटकर, माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील अशा राज्यभरातील नेत्यांनी ग्रामस्थांना साथ दिली. जमावबंदीचे आदेश, प्रतिबंधात्मक अटक आणि तालुक्यात प्रवेशाला बंदी हे उपाय प्रशासनाने वारंवार योजले. पाटकर व कोळसे-पाटील यांनाही अटक झाली.

३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिसांनी वेलदूर या मच्छीमारांच्या गावात शिरून कारवाई केली. पुरुष समुद्रावर असताना घरातील स्त्रियांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संघटनेने जुलै १९९७ मध्ये या घटनांवर अहवाल प्रसिद्ध केला. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने सविस्तर अहवालात, आंदोलकांच्या मानवी हक्कांच्या भंगाला कंपनीही जबाबदार असल्याचे म्हटले. प्रकल्पस्थळी तैनात राज्य राखीव पोलीस दलाचा खर्च कंपनी देत होती, ही बाब या निष्कर्षामागील एक प्रमुख कारण होती. कंपनीने ही जबाबदारी नाकारली.

न्यायालयीन लढा

सिटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. प्रकल्प अगोदर रद्द करून मग स्वीकारणाऱ्या सरकारच्या वर्तनावर टीका करूनही न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली केवळ महाराष्ट्र सरकारच्या वर्तनापुरती नोटीस काढली. त्यामुळे कराराच्या वैधतेचा मूळ प्रश्न तेथे विचारात आला नाही. हे प्रकरण दीर्घकाळ प्रलंबित राहिले आणि २०१९ साली, इतका काळ लोटल्याच्या कारणाने, सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले.

प्रकल्प बंद पडणे

७४० मेगावॉट क्षमतेचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधनाचे वाढते दर, रुपयाची घसरण आणि वीज कमी उचलली जाणे यांमुळे २००० साली काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्याही वर गेला. त्याच काळात इतर स्रोतांकडून मंडळाला कितीतरी स्वस्त वीज मिळत होती. मंडळाची देयके थकू लागली, तेव्हा कंपनीने राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी वटविण्याची मागणी केली.

राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव डॉ. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एप्रिल २००१ मध्ये दिलेल्या अहवालात समितीने करारप्रक्रियेतील असंख्य उणिवा दाखविल्या. प्रशासनाच्या जवळजवळ सर्व पातळ्यांवर अपयश आल्याचे नमूद करून तिने फेरवाटाघाटींची शिफारस केली. आंदोलकांनी आठ वर्षे मांडलेले अनेक आक्षेप अशा प्रकारे शासनानेच नेमलेल्या समितीच्या अहवालात उतरले.

मे २००१ मध्ये मंडळाने करार रद्दबातल ठरविला आणि प्रकल्पातील वीजनिर्मिती थांबली. त्या वेळी दुसऱ्या टप्प्याचे बहुतांश काम पूर्ण झाले होते. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. हिशेबांतील फसवणुकीमुळे तिचा हा अंत झाला. दाभोळ हे त्याचे मुख्य कारण नव्हते.

परिणाम व वारसा

प्रकल्पाच्या कर्जाचा मोठा भाग भारतीय वित्तसंस्था व बँकांचा होता. त्यामुळे बंद प्रकल्पाचा भार अखेर सार्वजनिक पैशावरच पडला. बेक्टेल व जनरल इलेक्ट्रिक यांनी आंतरराष्ट्रीय लवादाकडे केलेले दावे २००५ साली तडजोडीने मिटविण्यात आले. त्याच वर्षी एनटीपीसी व गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे सोपविण्यात आला. पुढेही नैसर्गिक वायूच्या तुटवड्यामुळे तो पूर्ण क्षमतेने सलग चालू शकला नाही.

आंदोलनाला प्रकल्पाची उभारणी थांबविता आली नाही. तथापि वीजखरेदी करार हा तज्ज्ञ व अधिकारी यांच्यापुरता विषय राहिला नाही. १९९९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे वीजदराचे प्रस्ताव जाहीर सुनावणीसाठी येऊ लागले आणि सामान्य ग्राहकालाही हरकत नोंदविण्याची संधी मिळाली. आयोगाची स्थापना देशपातळीवरील कायद्यानुसार झाली होती, परंतु महाराष्ट्रात या सुनावण्यांचा जाणतेपणाने उपयोग करणारा ग्राहक व अभ्यासक वर्ग दाभोळच्या वादातून मोठ्या प्रमाणात घडला. कोकणात नंतर उभ्या राहिलेल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प व नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्प यांच्याविरुद्धच्या आंदोलनांतही दाभोळच्या अनुभवाचे दाखले देण्यात आले.